क्रोमला रॅमची मर्यादा घालता येते का? (४ जीबी, विंडोज १०)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मागांच्या शेजारी काचेची खोली, तेच ऑफिस. तिथे एकच कॉम्प्युटर: ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. जीएसटी, बँक, मेल, व्हॉट्सॲप वेब, सगळं क्रोममध्ये.

परवा हैदराबादचा माल भरून गाडी दारात उभी. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल लागतंच, त्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. बिल भरत आणलं आणि कॉम्प्युटर गोठला. माउसचा बाण हलेना, डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायचं सोडून एकसारखा पेटलेला. दहा मिनिटांनी पान आलं ते पुन्हा लॉगिन मागत. तोवर ड्रायव्हरचे दोन चहा झाले. वडील म्हणाले, "आम्ही चलन हाताने लिहायचो." यावर काय बोलणार?

दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच नवीन घ्या म्हणून सांगितलं. सूत कुठल्या भावाने मिळतंय ते त्याला काय ठाऊक!

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या नावाने ओळीच ओळी, कुठली कशाची ते कळेना. भाचीने दाखवलं की क्रोममध्ये शिफ्ट धरून एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, नावानिशी. मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून मोठे आकडे वर घेतले. पहिला नंबर व्हॉट्सॲप वेबचा, ४०० एमबीच्या वर. दुसरं कधीकाळी पीडीएफ जोडायला घेतलेलं एक्स्टेन्शन. बँकेचं पान, ज्याला मी रोज शिव्या घालत होतो, ते बिचारं पार खाली.

आता विचारायचंय ते असं. क्रोमला "दीड जीबीच्या वर जायचं नाही" असं बजावता येतं का? दोन्ही टास्क मॅनेजरचे आकडे जुळत नाहीत, खरा कुठला धरू? आणि क्रोमचा मेमरी सेव्हर (न वापरलेले टॅब झोपवून रॅम मोकळी करतो तो) चालू केला तर अर्धं भरलेलं बिल उडेल का? याचीच जास्त धास्ती आहे.

प्रतिसाद:
क्रोमच्या सेटिंग्जमध्ये तशी मर्यादा नाही. ऑपेरा जीएक्समध्ये रॅम लिमिटर आहे, पण आकडा फार खाली ओढला तर ब्राउझरच रखडतो.
जुळत नाहीत त्याचं कारण: विंडोज फक्त रॅममध्ये प्रत्यक्ष असलेला भाग दाखवतं, क्रोम रॅम भरल्यावर हार्ड डिस्कवर ढकललेलाही धरतं. तुमचा तो पेटलेला दिवा म्हणजे हीच ढकलाढकल. म्हणून तुमच्या बाबतीत क्रोमचा आकडा धरा.
मेमरी सेव्हर सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली आहे. अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब तो सहसा झोपवत नाही, तरी ई-वे बिलाची साइट "नेहमी चालू ठेवा" यादीत टाकाच. ते एक्स्टेन्शन मात्र आजच काढा. आणि डबा उघडून रॅमचा रिकामा खाचा आहे का बघा.

धागाकर्ता:
धन्यवाद! एक्स्टेन्शन काढलं, व्हॉट्सॲप फोनवरच ठेवलं. आज तीन बिलं न अडकता झाली. डबा उघडला तर पंख्यावर सुताच्या तुसाची अक्षरशः गादी, ब्रशने काढली. खाली एक खाचा रिकामा आहे. शेजारच्या रॅमच्या पट्टीवर डीडीआर३ (रॅमचा प्रकार), १६०० (वेग) असं लिहिलंय. तशीच ४ जीबीची जुनी पट्टी सोलापुरात कुणाकडे मिळेल का? आणि घेताना तपासायची कशी?