साटा डिस्कचे सीआरसी एरर वाढतायत, डिस्क बदलू की केबल?

नौपाडा_स्टुडिओ:
नमस्कार मंडळी, ठाण्यात नौपाड्याला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नांचे सगळे फोटो चार हार्ड डिस्कच्या एका लिनक्स पीसीवर असतात. त्यातल्या एका डिस्कचा स्मार्टमधला (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) १९९ नंबरचा आकडा, म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर काउंट (केबलवरून जाताना झालेल्या चुकांची मोजणी), सारखा वाढतोय आणि लॉगमध्ये साटा लिंक (डिस्क आणि बोर्डामधली जोडणी) ३ जीबीपीएसवर (सेकंदाला गिगाबिट) उतरवल्याचा मेसेज येतोय, आधी ६ वर चालायची. ५ आणि १९७ (डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे आकडे) दोन्ही शून्य. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवीन घ्या. फोटो खराब झाले असतील का हो? लोकांची लग्नं काय परत होणारेत, जीव टांगणीला लागलाय. आणि साटाच्या आधीच्या आयडीई केबलच्या पट्टीत ८० वायरी असायच्या, इथे सातच पिना, मग भरवसा कशावर?

ऐरोली_सिग्नल:
दादा, आधी शांत व्हा. ५ आणि १९७ शून्य म्हणजे डिस्कच्या आतल्या प्लेटा तरी सध्या ठीक दिसतायत. १९९ वाढतो तेव्हा डेटा वायरीवरून जाताना बिघडला, सीआरसी (डेटासोबत जाणारा तपासणीचा आकडा) जुळला नाही, म्हणून तो परत पाठवला गेला. चूक पकडली गेली म्हणून तर मोजली गेली. तीच तीच चूक व्हायला लागली की लिनक्स स्वतःच स्पीड कमी करतं, तो मेसेज त्याचाच.

वायरींचं म्हणाल तर जास्त वायरी हाच आयडीईचा प्रॉब्लेम होता. १६ बिट एकाच वेळी निघायचे, सगळे एका क्षणी पोचले पाहिजेत, शेजारच्या वायरीचा सिग्नल पण मिसळायचा, म्हणून ४० पिनांच्या केबलमध्ये ४० ग्राउंड वायरी वाढवून ८० केल्या, तरी गाडी सेकंदाला १३३ मेगाबाइटलाच थांबली. साटात ३ पिना ग्राउंड, उरलेल्या ४ च्या दोन जोड्या, एक जायची एक यायची. जोडीत एकीवर सिग्नल सुलटा, दुसरीवर उलटा, आणि रिसीव्हर फक्त दोघींमधला फरक बघतो, त्यामुळे बाहेरून नॉइज आला तरी दोघींवर जवळपास सारखाच येतो आणि वजाबाकीत जातो. क्लॉकची वेगळी वायरच नाही, रिसीव्हर तो डेटाच्या चढउतारातूनच काढतो. म्हणून ८ बिटांचे १० करून पाठवतात, सलग पाचपेक्षा जास्त शून्य किंवा एक येतच नाहीत. त्याची किंमत म्हणून ६ जीबीपीएसमधून हातात सेकंदाला ६०० मेगाबाइटच येतात. पण ६ ला एक बिट जेमतेम १६७ पिकोसेकंदांचा, तिथे दुमडलेली केबल किंवा ढिला कनेक्टर लगेच नडतो, ३ ला दुप्पट वेळ मिळतो.

घणसोली_हार्डवेअर:
+१, नवीन डिस्क लगेच घेऊ नका. आधी बॅकअप, मग पीसी बंद करून चांगली लॅचवाली केबल टाका, १ मीटरच्या आतली, जमेल तेवढी आखूड. पॉवरचा कनेक्टर पण दाबून बघा. १९९ चा आकडा परत शून्य होत नाही, त्यामुळे आजचा लिहून ठेवा आणि पुढे वाढतो का तेवढंच बघा. वाढलाच तर पोर्ट बदला. एरर जुन्या पोर्टवरच्या दुसऱ्या डिस्कला यायला लागले तर बोर्डाचा पोर्ट, याच डिस्कच्या मागे आले तर डिस्कचा कनेक्टर नाहीतर तिचं सर्किट.

नौपाडा_स्टुडिओ:
खूप आभार दोघांचे. बॅकअप आत्ताच लावला. एनव्हीएमई (बोर्डावरच थेट बसणारी एसएसडी) घेतलं तर ही कटकटच नाही ना?

ऐरोली_सिग्नल:
केबल नाही, पण तत्त्व तेच. एनव्हीएमई ज्या पीसीआयई लिंकवर चालतं तिच्या जेन ३ ला (तिसऱ्या पिढीला) १२८बी/१३०बी आहे, म्हणजे १२८ बिटांचे १३० होतात, म्हणून वाया जाणं खूप कमी, आणि तिथेही सीआरसी चुकला की पॅकेट परत पाठवलं जातं. जेन ६ ला तर एका वेळी चार लेव्हल पाठवतात, लेव्हलमधलं अंतर कमी झाल्याने बिट चुकणारच हे धरूनच एफईसी (चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायला जोडलेले जादा बिट) घातलंय. आणि एक, सीआरसी फक्त वायरीपुरता. रॅममध्ये बिघडलेला फोटो तो सुखाने पास करतो, त्यामुळे बॅकअप झाला की चेकसम (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून बघाच.