लेकरांच्या हाती पहिलं मॉडेल: तुमच्याकडे कसं जमलं?

दारव्हेकर

मागच्या दिवाळीत पोराला प्लॅस्टिकचं विमान आणून दिलं. पोराचं वय नऊ. नागपुरात नोकरीला असताना हा नाद मला लागला होता, त्यामुळे घाई माझीच. विमान होतं नॅट, १९६५च्या लढाईत आपल्या हवाईदलानं वापरलेलं. खरं विमानच जेमतेम नऊ मीटर लांब. १:७२ म्हणजे बहात्तरला एक, तेव्हा हातात आलं साडेबारा सेंटिमीटर. चाकं हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि बाकीचे काही तुकडे तर तिळाएवढे.

पहिल्या दिवशी पोरगं मांडी ठोकून बसलं. दुसऱ्या दिवशी एक चाक चटईत हरवलं. तिसऱ्या दिवशी मी वैमानिकाच्या डोक्यावरची काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवली आणि सकाळी बघतो तर काच आतून पांढरीफटक. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते, हे मला तेव्हाच कळलं. मी घासत बसलो, तोवर साहेब बाहेर कंचे खेळायला. संध्याकाळी येऊन विचारतो, "बाबा, तुमचं झालं का?"

"तुमचं" हा शब्द अजून टोचतोय.

म्हणून हा धागा. तुमच्या लेकरांना, नातवंडांना, शाळेतल्या मुलांना मापातली मॉडेलं करायला कशी लावलीत? कशापासून केलीत, आणि फसलं काय? खेड्यात राहणाऱ्यांनी जरूर लिहा. शहरात हॉबीचं दुकान असतं, आपल्याकडे हार्डवेअर आणि किराणा.

बंडीवाला

भाऊ, आपल्या इकडं हा नाद नवा नाही. जवारीच्या धांड्याची बंडी, म्हंजे बैलगाडी, आपन समद्यांनीच केली. फरक एवढाच का तिले माप नव्हतं.

माह्या नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी हाय, खांद्यापर्यंत सहा इंच. त्यानं धांड्याची बंडी करून जुंपली, त बंडी चपलीएवढी आन् बैल हत्तीवानी. पोट्टं रडाले लागलं. मी म्हटलं, रडू नको, टेप घे. गोठ्यातल्या बैलाचा खांदा भरला साडेचार फूट. म्हंजे नऊले एक. मंग बंडीचं चाक मोजलं, तेबी साडेचार फूट! पोट्टं माह्याकडं पाहाते न् चाकाकडं पाहाते. इतके दिवस बंडीत बसला, पन चाक बैलाच्या खांद्याएवढं हाय हे त्याले दिसलंच नव्हतं. आता त्याचं चाकबी सहा इंच पाहिजे, हे मले सांगा लागलं नाही.

आरे बारा, तुराटीचे. चाकाचा मधला तुंबा बाभळीच्या फांदीचा. घेर बांबूची कमची वाकवून. लोखंडी धावेच्या जागी डब्याच्या पत्र्याची पट्टी, पन ते निसटे. नातू म्हने, आबाजी, खऱ्या चाकाले खिळा नाही, मंग धाव निसटत काऊन नाही? त्याले लोहाराकडं नेलं. धाव चाकापेक्षा जराशी लहान करतेत, लालबुंद तापवतेत, तापली का फुगते, मंग चाकावर चढवून पानी टाकतेत. थंडी झाली का आवळून बसते. घरी येऊन म्हने, आपनबी पट्टी तापवू. नाही म्हटलं. कमचीची होळी व्हईल नं बाप्पा.

खडू-फळा

मी लोणारच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत आहे. माझी मुलं सरोवर बघतच मोठी झालेली. सहावीला म्हटलं, विवराचं मॉडेल करू. प्रत्येकानं मातीचं आणलं आणि प्रत्येकाची झाली वाटी. दोघातिघांचा तर चक्क तांब्या.

मग फळ्यावर आकडे लिहिले. व्यास साधारण १.८ किलोमीटर, खोली साधारण १५० मीटर. १:५००० धरलं तर व्यास येतो ३६ सेंटिमीटर. खोली? एका मुलीनं उत्तर काढलं, खोडलं, पुन्हा काढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, तीनच सेंटिमीटर येते." वर्गात कुणाचा विश्वास बसेना. काठावर उभं राहिलं की गरगरतं आणि हिशेबात निघते बशी! मॉडेल करायचंच कशाला, असं कुणी विचारलं तर मी हा तास सांगतो.

किराणा दुकानातली खोकी आणली. पुठ्ठा ३ मिलिमीटर जाड, म्हणजे आमच्या मापात १५ मीटर. दहा थर झाले की १५० मीटर. प्रत्येक थरातलं भोक खालच्या थरापेक्षा मोठं. चिकटवायला मैद्याची खळ.

रंगाच्या वेळी भांडण. एकानं पाणी गुलाबी रंगवलं. बाकीचे ओरडले, पाणी हिरवं असतं. तो म्हणाला, २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं, माझ्या दादानं फोटो काढलाय. खरंच होतं ते, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. शेवटी ठरलं की मॉडेलवर महिना आणि साल लिहायचं. मॉडेल कोणत्या दिवसाचं आहे हा प्रश्न मोठ्यांनाही पडत नाही.

फसलेलं पण सांगतो. पावसाळ्यात खळ ओलावली, उंदरांना वास लागला आणि पश्चिमेचा काठ पूर्ण फस्त. जिल्द बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, लेकरांच्या हाती देऊ नका. आता आम्ही फेव्हिकॉल वापरतो आणि मॉडेल पंख्याला टांगून ठेवतो.

पुण्यात अडकलेला

सुट्टीत चंद्रपूरकडे गावी येतो तेव्हा भाचे घेरतात. एवढंच सांगतो, मे महिन्यात रंगकाम सकाळी आठच्या आत उरका. पंचेचाळीस डिग्रीत ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि विमानावर खरबरीत पापुद्रा बसतो. कूलरसमोर बसाल तर तुषार उडून ठिपके. ताटलीत ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, म्हणजे तासभर ओला राहतो. बाकी मामाला कोण विचारतंय.

अंजनगावची आई

मी शिलाईचं काम करते. मुलगी अकरा वर्षांची. आमच्या सासूबाईंचं माहेर मूर्तिजापूरकडचं, त्यामुळे घरात शकुंतला आगगाडीच्या गोष्टी. गाडी बंद, रूळ गवतात, पण गोष्टी चालूच. मुलीनं ठरवलं, आजीला शकुंतला करून द्यायची.

माझा शिवणाचा टेप घेऊन आम्ही दोघी रुळावर गेलो. दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर. मोठ्या गाडीला १६७६ असतात, म्हणजे ही निम्म्यापेक्षाही कमी. तिनं वीसला एक माप धरलं, म्हणजे ३८ मिलिमीटर. इंजिन कसं करायचं ते कळेना, कारण आता जागेवर काही नाही. नागपूरला नणंदेकडे गेलो तेव्हा मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात तिला नेलं. तिथं ती इंजिनापुढे बसून वहीत चाकं मोजत होती. शकुंतलेचं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१चं, मँचेस्टरला बनलेलं. १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. मुलगी म्हणाली, "आई, म्हणजे आजीच्या लग्नातपण हेच असेल!"

डबे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे. चाकांना कोटाची मोठी बटणं, बॉयलरला रिकामी रीळं एकापुढे एक लावून वर काळा कागद. दीड महिना लागला. मी फक्त ब्लेड चालवलं.

शाळेच्या प्रदर्शनात नेलं. पाहुणे आले, वाकून पाहिलं आणि विचारलं, "यात लायटिंग कुठं आहे?" बक्षीस थर्माकोलच्या विकत आणलेल्या धरणाला गेलं. त्यात निळा बल्ब होता. मुलगी घरी येईपर्यंत काही बोलली नाही, आणि मला तर इतका राग आला होता की विचारू नका.

संध्याकाळी तिनं गाडी आजीच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंना आता कमी दिसतं. त्यांनी बोटांनी इंजिन चाचपलं, डबा चाचपला, खिडकीवर बोट थांबलं. म्हणाल्या, "खिडकी वर झाली बाई. अजून खाली पायजे. माही मान बाहेर राहे." मुलीनं त्याच रात्री दोन्ही डब्यांच्या खिडक्या कापून खाली घेतल्या.

दारव्हेकर

ताई, आमच्या दारव्ह्यावरूनही तीच गाडी जायची, यवतमाळच्या फाट्यावरची. तुमचं वाचून पोराला दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न: बटणांना भोकं होती का?

अंजनगावची आई

होती, चार-चार. ती म्हणते, तेच आरे.

काटेकोर

विकतचे किट अगदीच वाईट नाहीत हो. चूक किटची नाही, निवडीची. नऊ वर्षांच्या मुलाला १:७२ दिलंत, तेही नॅटसारखं इवलं विमान. गोंद न लावता नुसतं दाबून बसणारं किट घ्या, नाहीतर निदान १:४८. आणि पहिलंच १:३५ चा रणगाडा देऊ नका. एकसारखी वीस-बावीस चाकं घासून मोठा माणूसही उठून जातो.

किटचे तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, ते पिरगाळून तोडू देऊ नका, नेलकटरनं तोडायला द्या. आधी कोरडं जुळवून बघायचं, मग चिकटवायचं. काच मात्र साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलनं बसवा, तो वाळला की पारदर्शक होतो आणि वाफ धरत नाही. प्लॅस्टिकचा खास सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, त्याचा वास डोक्यात जातो, तेव्हा खिडकी उघडी. निशाणीचे स्टिकर कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवले की कागदावरून सरकतात. मुलांना सगळ्यात जास्त हेच आवडतं. म्हणून ते काम मुलांनाच द्या. हे मी स्वतःला सांगतोय, कारण दोन विमानांचे स्टिकर मीच लावले आहेत.

कमची

आमचं काहीच जमलं नाही. किट आणलं, पुठ्ठा आणला, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब पण आणली, खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता दाखवतात तसं. त्रिकोण हलत नाही, चौकोन डगमगतो, हे पोरानं पाच मिनिटांत पाहिलं, "बरं" म्हणाला आणि मोटरपंपाचं स्टार्टर खोलायला गेला. त्याला लहान केलेलं नको, खरं पाहिजे. ट्यूबचे तुकडे आता मी अंबाडीच्या जुड्या बांधायला वापरते.

दारव्हेकर

परवाचं सांगतो. बंडीवाल्या काकांचं वाचून पोरानं टेप मागितला. बाज मोजली, रांजण मोजला, कोंबडी मोजायला गेला तर ती पळाली. सगळं नऊला एक करणार म्हणे, म्हणजे काकांच्या नंदीला चालेल. नॅट कपाटावर पडलंय, एका चाकाचं. मी पट्टी धरून बसतो. पुठ्ठ्याला हात लावला की मागं ढकलतो.

काका, कमची किती वेळ भिजवली होती? आमची दोनदा तुटली.

बंडीवाला

रातभर. न् बांबू वलाच घ्या, वाळलेला तुटते. गाठ आली का ते जागा सोडून द्या.