काकू हवाईत, ग्रुप अळवात

कुलकर्णी काकू (बी-३०४), सकाळी ७:१२: सुप्रभात! इथे अजून कालचीच दुपार आहे. लेकीबरोबर हवाईच्या काउआई बेटावर लिमाहुली बाग बघितली. फोटो टाकतेय.

सावंत काका: वहिनी, तिसऱ्या फोटोत अळू ना? एवढे तिकीट काढून अळू?

कुलकर्णी काकू: 😄 अळूच. इथे 'कालो' म्हणतात. डोंगरउताराला दगडी बांध घालून पाणी खेळवलंय, भातखाचरं बघितल्यासारखं वाटतं. पॉलिनेशियातून होड्यांनी आलेल्या लोकांनी अळू, ऊस, हळद, केळी सगळं बरोबर आणलेलं.

शिल्पा (ए-१०२): खाजतं का ते? चिंच घालतात?

कुलकर्णी काकू: चिंच नाही गं. अळकुड्या नीट शिजवून, कुटून लगदा करतात, पोई. मला नाही आवडली.

सेक्रेटरी: पाण्याचा टँकर ११ ला येईल.

सावंत काका: पाचव्यात आमचा नीरफणस!

कुलकर्णी काकू: हो, 'उलू'. ही बाग चालवणाऱ्या संस्थेचीच माऊई बेटावर अजून एक बाग आहे, तिथे त्याच्या शंभरावर जाती जपल्यात.

शिल्पा: आणि ते शेवटचं काय? दुधी उभा करून वर कोबी ठेवल्यासारखं?

कुलकर्णी काकू: त्याच्यासाठीच गेले होते. आलुला. समुद्रावरच्या सरळसोट कड्यांवर उगवायचं. परागकण नेणारा पतंग बहुधा नामशेषच झालाय. मग संस्थेचे स्टीव्ह पर्लमन आणि केन वुड दोराला लटकून कड्यावर उतरायचे आणि ब्रशने परागकण या फुलावरून त्या फुलावर लावायचे. आता रानात दिसत नाही, पण युरोपात कुंडीत विकतात म्हणे. मी पाटीसमोर बराच वेळ उभी राहिले, लेक पुढे निघून गेली.

ओंकार (सी-५०१): काकू, त्यांनीच ड्रोनने फूलझाडही शोधलं ना? जास्वंदीच्या कुळातलं. २०१६ ला नामशेष ठरवलेलं, २०१९ ला कड्यावर सापडलं.

कुलकर्णी काकू: अगदी बरोबर! तुला कसं रे माहीत?

ओंकार: ड्रोनमुळे 😅

सावंत काका: वहिनी, नीरफणसाचं बी आणा थोडं.

कुलकर्णी काकू: भावजी, कोकणातले ना तुम्ही? नीरफणसाला बी कुठलं, मुळाला फुटवे येतात. आणि इथून निघताना विमानतळावर बॅगा तपासतात, झाडपाल्यासाठी.

सावंत काका: बरं. मग गावाहून मीच आणतो, काप तुम्ही करा.