मदत हवी आहे: गोराईच्या टेकडीवरची सायकलवाट पावसात टिकेल का?

नमस्कार मंडळी,

गोराई-मनोरीच्या बाजूला ओळखीतल्या एका काकांची वाडी आहे. वाडीच्या मागे टेकडी, तिच्यावर थोडे ताड, जुने आंबे आणि बाकी सगळं गवत नि घाणेरी. तिथे माउंटन बाइकसाठी वाट करायला काकांनी आम्हाला होकार दिलाय. आम्ही म्हणजे बोरिवली-कांदिवलीची सायकलवेडी मंडळी. कोणी बँकेत, कोणी आयटीत, एकजण शाळेत चित्रकला शिकवतो. रविवारी सकाळी सायकली बोटीत चढवून खाडी ओलांडायची, काम करायचं आणि उन्हं तापायच्या आत परत फिरायचं, असा बेत आहे. कंत्राटदार नाही, देणगी नाही, सगळं श्रमदान.

अडचण अशी की टेकडीवर सध्या गुरांची एक जुनी वाट आहे, ती माथ्यावरून सरळ खाली येते. पावसाचं पाणीही तिथूनच उतरतं. मधोमध गुडघाभर खोल घळ पडली आहे. चालवताना पेडल दोन्ही काठांना घासतं, आणि चाक एकदा आत शिरलं की बाहेर काढता येत नाही. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना ही वाट बुजवून वापरायची आहे, कारण सरळ उतारावर मजा येते. उरलेल्यांना उतारावर आडवी जाणारी नवी वाट काढायची आहे.

जाणकारांना विचारायचंय ते हे. घळ मुरूम टाकून बुजवली तर टिकेल का? नवी वाट काढायची तर तिला उतार किती द्यायचा? जे व्हिडिओ बघतो ते सगळे परदेशातले, तिथला पाऊस म्हणजे आपल्याकडची भुरभूर. मे महिना हाताशी आहे, तेवढ्यात खोदकाम उरकून जूनच्या आधी मोकळं व्हावं असा विचार आहे. शिवाय चालवायला सगळे येतात, फावडं धरायला मोजकेच. यावर कोणाकडे उपाय आहे का?

– धागाकर्ता

---

गिअर_अडकला: वाचनखूण साठवली. पण एवढा खटाटोप कशाला? येऊरला तयार वाटा आहेत की.

धागाकर्ता: येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं हो. तिथे कुदळ मारायची म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अंगावर ओढवून घ्यायचा. बिबट्याच्या घरात वॉल राइड (सायकल चालवायची उभी फळी) बांधायची हौस नाही.

मुरूमवाला: नोकरीची बरीच वर्षं पाणलोटाच्या कामांवर गेली. सायकलीतलं मला कळत नाही, पण उतारावरचं पाणी कळतं, म्हणून लिहितो.

आधी मे महिन्याचं. खोदू नका. कोरडा मुरूम कितीही धुम्मस (माती ठोकून बसवायचं अवजार) मारलीत तरी बसत नाही, त्याला ओल लागते. मे अखेरीस भुसभुशीत केलेली माती जूनच्या पहिल्या सरीत खाली जाईल, आणि काकांच्या विहिरीत गेली तर परवानगीही तिच्याबरोबर गेली समजा. खोदायचा काळ म्हणजे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जमीन ओली असते, कुदळ लागते, दाबलेली माती धरून राहते, आणि पुढच्या पावसापर्यंत वाट मुरायला सात-आठ महिने मिळतात.

घळ बुजवण्याचा नाद सोडा. पाण्याने ती जागा स्वतःसाठी निवडली आहे. तुम्ही भरलेला मुरूम ते उकरून नेणारच. फार तर घळीत थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे आडवे बांध घाला, म्हणजे गाळ साचून ती हळूहळू भरेल. वाट दुसरीकडून काढा.

धागाकर्ता: खूप आभार. उताराचं गणित कसं धरायचं? फोनवरचे ॲप प्रत्येक वेळी वेगळाच आकडा सांगतं.

मुरूमवाला: फोन खिशात ठेवा. गवंड्याकडची लेव्हल पाईप आणा, पारदर्शक नळीत पाणी भरलेली. दोन काठ्या तीन मीटर अंतरावर उभ्या करायच्या, नळीची टोकं त्यांना धरायची आणि दोन्हीकडची पाण्याची पातळी जमिनीपासून मोजायची. दोन मापांतला फरक २४ सेंमी आला तर उतार ८ टक्के. समतल चर (पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खणलेले) आखताना आम्ही फरक शून्य ठेवतो, तुम्हाला थोडा हवा, एवढाच काय तो भेद. आखलेल्या रेषेवर चुना टाका किंवा खुंट्या ठोका आणि मगच पुढे सरका.

वाकडी_वाट: यात भर घालतो. काही वर्षं व्हँकुव्हरला होतो, तिथल्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत वाटा राखणाऱ्यांबरोबर हातात फावडं घेतलं आहे. धागाकर्त्यांना सांगतो, तिथे भुरभूर नसते, हिवाळाभर झोडपतो. अर्थात २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिमी पाऊस तिथे कोणी स्वप्नातही बघितला नसेल, त्यामुळे मुद्दा मान्य.

वाट बांधणारे जगभर एक साधा ठोकताळा पाळतात. टेकडीचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. टेकडी १६ टक्के असेल तर वाट ८ च्या आत. ओलांडलंत की पाणी वाटेवरून आडवं निघून न जाता वाटेनेच पळू लागतं. आणि टेकडी कितीही उभी असली तरी एकूण सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. तुमच्या गुरांची वाट उताराच्या रेषेतच आहे, म्हणून तिची घळ झाली.

दुसरं म्हणजे वाट आडवीही सपाट नको, दरीच्या बाजूला किंचित झुकलेली हवी. ६० सेंमी रुंद वाट असेल तर बाहेरची कड ३ सेंमी खाली, पुरे. तिसरं, दर सहा ते पंधरा मीटरवर वाट जराशी चढवून पुन्हा उतरवायची. त्या खोलगटात पाणी बाहेर पडतं आणि चालवणाऱ्याला लाटेवरून गेल्यासारखं वाटतं. सरळ उतारावरच मजा येते म्हणणाऱ्या तुमच्या गटाला हे एकदा करून दाखवा. आपल्या पावसासाठी मी सहा-सात मीटरच धरेन. वाटेत लाकडी ओंडके आडवे टाकून पाणी वळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यांच्यामागे गाळ साचतो, सायकलवाले कडेने वाट काढतात आणि पाणीही तिथूनच निघतं.

एक गोष्ट नवखे हमखास करतात. खणलेली माती बाहेरच्या कडेला नीट रचून ठेवतात. दिसायला छान, पण तो बांधच होतो आणि पाणी वाटेवर अडकतं. माती घमेल्यात भरून लांब, गवतात पसरून टाका. पुढेही चाकांनी वाट मधोमध दबते, बाहेरची कड आपोआप उंचावते. ती कड दरवर्षी फावड्याने छाटायची. देखभाल म्हणजे बहुतांशी हेच काम, फोटोत येत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

मुरूमवाला: कडेच्या मातीबद्दल शंभर टक्के सहमत. शिवाय जिथे वाट ओहोळ ओलांडते तिथे मातीचं काही चालणार नाही, सोलिंग करा. मोठे दगड उभे रोवायचे, चपटे पसरायचे नाहीत. दगडाची लांब बाजू जमिनीत गेली पाहिजे आणि फटींत बारीक खडी ठोकून बसवली पाहिजे. हे एखाद्या स्थानिक गवंड्याकडून मजुरी देऊन शिकून घ्या. श्रमदानाच्या उत्साहात लावलेला दगड पहिल्या पावसात डुगडुगतो आणि त्यावर कोणीतरी तोंडावर आपटतं.

कागदपत्र_आधी: रंगाचा बेरंग करतोय, पण तोंडी परवानगीवर कुदळ उचलू नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावर नावं किती आहेत ते बघा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांवर चुलत, मावस, परदेशी गेलेले असे बरेच वारस असतात. एका काकांचा होकार म्हणजे सगळ्यांचा नव्हे. साधं पत्र करा: कुठून कुठपर्यंत वाट, कोण राखणार, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, आणि काकांना नको झालं तर किती दिवसांत बंद करणार.

झाडांना हात लावू नका. खासगी जागेतलं झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घाणेरी खुशाल उपटा. टेकडीचा पायथा खाडीकडे असेल तर खारफुटीपासून ५० मीटरच्या पट्ट्यात काही करायचं नाही, खणलेली मातीसुद्धा टाकायची नाही. मुंबईत हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं आहे, तिथे दयामाया नाही.

गिअर_अडकला: एवढं सगळं करून सायकल कधी चालवायची? 😀

वाकडी_वाट: तोच तर माणसं टिकवण्याचा उपाय! बऱ्याच ठिकाणी अलिखित नियम असतो, जो खणणार नाही त्याने चालवायचं नाही. आपल्याकडे एवढं कडक बोललं की लोक रुसतात. त्यापेक्षा वाटेचे तुकडे पाडा आणि एकेक तुकडा दोघा-तिघांच्या नावावर करा. नॉर्थ शोअरला वाटा दत्तक देतात, तसंच. ‘आपलं वळण’ वाहून गेलं की माणूस फोन न करता येतो. आणि कामाला येणाऱ्यांना कामानंतर तासभर चालवायला द्याच. नुसतं घाम गाळायला बोरिवलीहून कोणी बोटीत बसणार नाही.

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी ग्रुपवर धागा टाकला, सरळवाल्या गटाने बऱ्यापैकी शस्त्रं टाकली आहेत. मेमध्ये खोदकाम नाही. काकांशी बोललो, सातबारावर आणखी दोन नावं आहेत, त्यांतल्या एक आत्या वसईला असतात. त्यांना भेटायला पुढच्या आठवड्यात जातोय.

एक प्रश्न उरला. ऑक्टोबरपर्यंत नुसतं हातावर हात ठेवून बसायचं का?

मुरूमवाला: मुळीच नाही. आत्ता रेषा आखून खुंट्या मारा. मग जुलैत जोराचा पाऊस लागला की छत्री नाही, रेनकोट घालून जा, सायकली घरी ठेवून. प्रत्येक खुंटीजवळ पाच मिनिटं उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे गढूळ होतं, कुठे नितळ वाहतं ते वहीत लिहा. जिथे गढूळ, तिथे माती सुटते आहे, खुंटी हलवा. भरतीची वेळ आणि बोट चालू आहे का, ते निघायच्या आधी विचारून घ्या.

धागाकर्ता: ठरलं. लेव्हल पाईप कोणाकडे पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बोरिवली-दहिसर पट्ट्यात येऊन घेऊन जाईन.