बीपी १३६/८८, साखर काठावर, जिमला वेळ नाही: आधी कोणत्या सवयी बदलू?

सेमीफास्ट_कल्याण
वय ४६, वजन ७८ किलो, उंची १७० सेंमी. तपासणीत बीपी १३६/८८, उपाशीपोटी साखर १०८. गोळी नाही, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलंय. सकाळी ७:१० ची लोकल, घरी यायला ८:३०. जेवण ९:३०, झोप ११:३०, उठणं ५:४५. रात्री आडवं झालं की छातीत जळजळ. चहा दिवसाला पाच, प्रत्येकात दोन चमचे साखर. घरात चौघं.
सकाळी कोमट पाणी-लिंबू-मध सुरू केलंय, साधं मीठ बंद करून सैंधव आणलंय. आता पाचला उठून सूर्यनमस्कार घालायचा विचार आहे. बरोबर चाललंय का?

हळदमीठ
सैंधवाने बीपीला काही फरक पडत नाही. तेही सोडियम क्लोराइडच, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. साधं आयोडीनयुक्त मीठ परत आणा आणि प्रमाण कमी करा.

किती खाताय ते मोजायला वजनकाटा लागत नाही. मिठाचा एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे चौघांचं २० ग्रॅम, म्हणजे पुडा किमान ५० दिवस पुरायला हवा. लोणचं, पापड, फरसाण, बाहेरचा वडापाव यांतलं मीठ वेगळं, म्हणून खरं तर त्याहूनही जास्त दिवस. पुडा महिन्यात संपत असेल तर घरच्या स्वयंपाकातूनच प्रत्येकाच्या पोटात ८ ग्रॅमच्या वर जातंय.

कमी करताना आमटी-भाजीला शेवटी हात लावा, नाहीतर घरात पहिल्याच दिवशी भांडण. आधी कणकेतलं मीठ बंद, मग भाताच्या पाण्यातलं. पोळी-भात आमटीबरोबरच खातो, कुणाला कळतही नाही. मग ताक आणि कोशिंबीर: मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबू, कोथिंबीर. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते, मग जुनी चव खारट लागते. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, त्यातही सोडियम. पापड रोज ताटात नको.

पायजमा_पंचा
पाचला उठू नका. तुमची झोप सव्वासहा तास आहे, त्यातून पाऊण तास कापून व्यायाम घालण्यात अर्थ नाही. मोठ्यांना सात तास तरी हवेत, आणि अपुऱ्या झोपेने बीपी, साखर दोन्ही वर जातात. ब्राह्ममुहूर्ताचं कौतुक लवकर झोपणाऱ्यांसाठी.

तुमच्या दिनक्रमातला खरा घोळ रात्री आहे. संध्याकाळी काही पोटात नाही, म्हणून ९:३० ला भरपेट जेवण होतं आणि दोन तासांत आडवे. जेवण दोन भागांत करा. ६:३० च्या सुमारास ऑफिसातून निघताना मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा सफरचंद. घरी आल्यावर आधी जेवण, मग मोबाइल. नऊच्या आत एक भाकरी, वाटीभर वरण, भाजी. भात खायचाच तर भाकरीऐवजी, भाकरीनंतर नाही.

मग शतपावली, पण शब्दशः नको. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट होतं. १० ते १५ मिनिटं हवीत, जेवण झाल्या झाल्या, बोलता येईल अशा बेताच्या चालीने. जेवणानंतर साखर चढायला लागते तेव्हाच पायांचे मोठे स्नायू ती वापरतात. दोन तासांनी चालून तो फायदा मिळत नाही. सोसायटीत कुत्री असतील तर गच्ची, नाहीतर पॅसेज. वज्रासन याला पर्याय नाही, आणि गुडघे दुखत असतील तर उलटा ताप.

जळजळीसाठी उशा चढवू नका. त्याने कमरेत वाक येतो आणि पोटावर दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ सेंमीचे लाकडी ठोकळे द्या, डाव्या कुशीवर झोपा. लिंबू-मध बंद करा: जळजळ असताना रिकाम्या पोटी आंबट नको, आणि मध म्हणजे शेवटी साखरच. नुसतं पाणी प्या.

चहाचं गणित: पाच कप गुणिले दोन चमचे, म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा उतरवा. गूळ घालून फसवाफसवी नको. शेवटचा कप चारच्या आत, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

कफ_आणि_मशीन
१३६/८८ हा आकडा एकदाच घेतलेला असेल तर त्यावर फार विसंबू नका. घरी दंडावर बांधायचं मशीन ठेवा, मनगटाचं नको. बहुतेक घरांत मोजतात ते पलंगावर मांडी घालून, हात लोंबता ठेवून, गप्पा मारत. या तिन्हींनी आकडा वर जातो.

नीट मोजायचं असं: आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना चढणं नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. बाही गुंडाळू नका, हात बाहेर काढा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर तीन महिने थांबू नका, वही घेऊन आधीच जा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा खोटा जास्त आकडा दाखवतो.

सेमीफास्ट_कल्याण
सैंधव बंद केलं. दुकानात 'कमी सोडियम'चं मीठ दिसलं, ते सगळ्यांसाठी आणलं तर? आईला टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू आहे. आणि सूर्यनमस्कार मग कधी?

हळदमीठ
सगळ्यांसाठी नको. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मिठाचा डबा ओट्यावर येऊ देऊ नका. एका घरात दोन डबे कधी ना कधी अदलाबदल होतातच.

पायजमा_पंचा
सूर्यनमस्कार शनिवार-रविवारी, सहा नमस्कारांपासून सुरू, श्वास रोखून न धरता. एरवी ऑफिसात हात न टेकता खुर्चीतून दहादा उठाबशा, दुपारी एकदा, चारला एकदा. खुर्ची चाकांची नको.