अण्णाआजोबा १९११ मध्ये बोटीने अमेरिकेला गेले, त्यांची नोंद कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,
मी बडोद्याहून, दांडिया बाजारातून लिहितेय. मुलगी तिकडे असते म्हणून या लिस्टवर आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ अण्णाआजोबा सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर शिकायला गेले आणि तिकडेच वारले. घरात त्यांचा एक फोटो आहे, आणि एक गोष्ट, की डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या म्हणून एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी ठाण्यावर, अडकवून ठेवलं होतं. दोन महिने आडनावाने शोधतेय, काहीच येत नाही. तिथे आडनाव बदललं असेल का हो?
सुनंदा

सुनंदामावशी,
तिथे नावं कुणी बदलत नव्हतं, हा गैरसमज फार पसरलाय. प्रवाशांची यादी बोट सुटायच्या बंदरावर कंपनीचा कारकून भरायचा, न्यूयॉर्कचा इन्स्पेक्टर तीच समोर ठेवून प्रश्न विचारायचा. म्हणजे चूक झाली असेल तर लिव्हरपूल-साउदॅम्प्टनच्या त्या कारकुनाच्या ऐकण्यात, नाहीतर हल्ली ते अक्षर लावून टाइप करणाऱ्याच्या वाचण्यात. आपल्या 'व'चं कधी व्ही होतं कधी डब्ल्यू, आणि वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं, माझे पणजोबा मला असेच मिळाले. तेव्हा आडनाव सोडाच. फॅमिलीसर्चवर किंवा एलिस आयलंड फाउंडेशनच्या साइटवर (दोन्हीकडे शोधायला पैसे पडत नाहीत) साल, वय आणि 'बरोडा' एवढंच टाका.
१९०७ नंतरची यादी समोरासमोरच्या दोन पानांवर असते आणि लोक डावं पान बघून बंद करतात!! डाव्या पानावर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो, उजव्यावर तिकिटाचे पैसे कुणी भरले, जवळ किती डॉलर, उंची, अंगावरची खूण. नावाच्या डावीकडे समासात एक्स दिसला तर माणूस थांबवला होता, मग त्याच बोटीच्या यादीच्या शेवटी जा, थांबवलेल्यांची वेगळी यादी असते, कारणासकट.
मंदार, न्यू जर्सी (मूळ रावपुरा)

मंदारने सांगितलंय ते नीट करा, मी फक्त सालांचं बघा म्हणतो. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला उघडलं, त्यामुळे १८८३ ला गेलेल्या आनंदीबाई जोशी तिथे शोधून मिळायच्या नाहीत, तेव्हा न्यूयॉर्कचं ठाणं कॅसल गार्डन होतं. बाबासाहेब आंबेडकर आपल्याच संस्थानाच्या स्कॉलरशिपवर १९१३ ला न्यूयॉर्कला उतरले, तो काळ तुमच्या आजोबांच्या जवळचा. आणि जपानमार्गे पॅसिफिकने गेले असतील तर सॅन फ्रान्सिस्कोचं एंजल आयलंड बघा, १९१० ते १९४०, तिथल्या चौकशीच्या फायली सॅन ब्रुनोच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत.
अशोक, वडोदरा

मंडळी, सापडले!!
वडिलांच्या नावाखाली होते, मंदार म्हणाला तस्सेच. काल रात्री अडीचला स्क्रीनवर ते पान उघडलं आणि नातेवाइकाच्या रकान्यात माझ्या पणजोबांचं नाव, पुढे 'डांडिया बझार, बरोडा'. त्याच वाड्यात बसून मी ते वाचत होते. उजव्या पानावर उंची पाच फूट चार इंच, खूण म्हणून कपाळावर व्रण. आत्या सांगायची की अण्णा लहानपणी जिन्यावरून पडले होते, तो जिना अजून आहे, मधली एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे आणि आम्ही सगळी पोरं तिथेच अडखळलोय.
समासात एक्स होता. शेवटच्या यादीत गेले तर खुपऱ्यांचं नावही नाही, कारण लिहिलंय, तारेने पैसे येईपर्यंत. म्हणजे शंभर वर्षं आमच्या घरात त्यांच्या नावाला एक आजार चिकटून होता जो त्यांना नव्हताच. पुढे जेवणांचे आकडे आहेत, दोन नाष्टे, दोन दुपारची जेवणं, एक रात्रीचं. अण्णाआजोबा कट्टर शाकाहारी, त्या पाच वेळांना त्यांनी काय खाल्लं असेल हे सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.
आईला वाचून दाखवलं, ती ९१ ची आहे. सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पैसे पाठवले कुणी मग? यादीत ते नाही. अशोककाका, संस्थानाच्या दफ्तरात स्कॉलरशिपवाल्यांचे कागद बघायला सोमवारी माझ्याबरोबर याल का?
सुनंदा