थंडीत जड होणारं स्टिअरिंग
गाडीचं स्टिअरिंग सकाळी जड आणि थोडं चालवल्यावर हलकं होतं म्हणताय, म्हणजे पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारं) असेल तर पहिला संशय त्याच्या ऑइलवरच. थंडीत ते घट्ट होतं, जुनं काळपट असेल तर जास्तच. पातळी इंजिन गार असताना बघा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं भरा. हाताला लागेल ते ओतलं तर सील जातात. वळवताना ऑइलचा पंप फिरवणारा बेल्ट किंचाळत असेल तर तो सैल किंवा झिजलेला. पंप घूं घूं करत असेल तर ऑइल कमी, नाहीतर आत हवा.

इलेक्ट्रिक (मोटरवर चालणारं) असेल तर हे सगळं सोडा, आधी बॅटरी तपासा. थंडीत तिची ताकद कमी होते. गाडी तापल्यावरही जडच राहिलं तर मात्र स्टिअरिंग शाफ्टचा (चाकाखालच्या फिरत्या दांडीचा) युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांडीला कोनात फिरू देणारा सांधा, गंजून अडकलाय का ते मेकॅनिकला पाहायला सांगा. तिकडे सहसा कुणी बघतच नाही.